जुन्या मोटारीची जन्मपत्रिका

बैलजोडी विकत घेताना आपल्या जिल्ह्यातला शेतकरी किती चिकित्सा करतो हे कोणत्याही बैलबाजारात उभे राहून पाहावे. तो बैलाचे दात मोजतो, खूर उचलून पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच भावाची बोलणी सुरू करतो. सोने घेणारी गृहिणी कसोटीवरची रेघ पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. परंतु याच घरातला सुशिक्षित मुलगा आईवडिलांची अनेक वर्षांची बचत घालून जुनी मोटार आणतो, तेव्हा तो रंगाची चमक पाहतो, गाण्याचे यंत्र लावून पाहतो आणि विकणाऱ्याच्या 'टॉप मॉडेल आहे साहेब, कंपनीतूनच सगळे बसवून आले आहे' या एका वाक्यावर विश्वास ठेवून मोकळा होतो. हे वाक्य खरे की खोटे, हे ठरवण्याची साधने आपल्या हाताशी असतात. ती कोणती आणि ती कशी वाचावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रश्न असा की, मोटार कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात काय काय होते, हे जाणून घेण्याची गरजच काय? पहिले कारण किमतीचे. एकाच नावाच्या मोटारीच्या तीन-चार प्रती निघतात. साधी प्रत, मधली प्रत आणि उंची प्रत यांच्या किमतींत मोठा फरक असतो, परंतु रस्त्यावरून जाताना त्या सारख्याच दिसतात. साध्या प्रतीला बाजारातली चकचकीत चाके आणि चामडी आसने बसवली की ती उंची प्रतीचे सोंग सहज घेते. 'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ते जिवाचे आहे, आणि त्याकडे आपण पुढे येऊ.

अमेरिकेतील काचेवरचा कागद

या बाबतीत अमेरिकेने फार पूर्वी एक सोपा उपाय केला. १९५८ साली तेथे एक कायदा झाला. ओक्लाहोमा राज्याचे सिनेटर माइक मोन्रोनी यांनी त्यासाठी पुढाकार घेतल्यामुळे त्या कायद्याने आलेल्या कागदाला आजही 'मोन्रोनी' याच नावाने ओळखतात. प्रत्येक नव्या मोटारीच्या खिडकीच्या काचेवर हा कागद चिकटवलेला असलाच पाहिजे, असा तेथील दंडक आहे. त्यावर मोटारीचे नाव, तिचा अनुक्रमांक, ती जोडली गेली ते ठिकाण, मूळ किंमत, कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक जादा वस्तूची वेगळी किंमत, वाहतुकीचा खर्च आणि शेवटी एकूण बेरीज अशी सारी माहिती छापलेली असते. ग्राहकाच्या हाती मोटार पडण्यापूर्वी विक्रेत्याने तो कागद काढून टाकणे हा तेथे गुन्हा आहे. त्या काळी विक्रेते मनाला येईल ती किंमत सांगत आणि ग्राहक भांबावून जाई. त्या गोंधळाला या एका कागदाने बराच आळा घातला.

पुढे याच कागदाला दुसरे महत्त्व आले. मोटार जुनी होऊन दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या हाती गेली की, तिचे मूळ रूप सांगणारा पुरावा म्हणून लोक हा कागद शोधू लागले. कागद हरवला असेल तर कारखान्याच्या नोंदी धुंडाळू लागले. फोर्ड कंपनीच्या १९६७ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदी आज केव्हिन मार्टी नावाच्या गृहस्थांकडे अधिकृतपणे आहेत आणि मोटारीचा क्रमांक कळवल्यास ते शुल्क घेऊन तिचा तपशील देतात. इंग्लंडमध्ये गेडन येथील मोटार संग्रहालय ऑस्टिन, मॉरिस वगैरे जुन्या इंग्रजी गाड्यांचे असेच दाखले देते. कित्येक जुन्या अमेरिकन मोटारींच्या आसनाच्या स्प्रिंगांमध्ये कारखान्यातील कामगारांसाठी छापलेला जोडणीचा तक्ताही सापडलेला आहे.

आपल्याकडची परिस्थिती

आपल्याकडे असा काचेवरचा कागद कायद्याने कधी आलाच नाही. त्याला इतिहासही तसाच आहे. स्वातंत्र्यानंतरची तीन-साडेतीन दशके आपल्या रस्त्यांवर मुख्यतः दोनच मोटारी होत्या. एक कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे तयार होणारी अँबॅसडर आणि दुसरी शेठ वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. पैसे भरूनही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. अशा वेळी 'यात काय काय बसवलेले आहे' असे विचारणार कोण? मिळाली हेच भाग्य! १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी दिल्लीचे हरपाल सिंग यांच्या हाती दिली आणि चित्र पालटू लागले. साधी मारुती आणि वातानुकूलित मारुती असा भेद लोकांच्या बोलण्यात आला. नव्वदीनंतर कंपन्या वाढल्या, प्रती वाढल्या आणि एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय यांसारखी अक्षरे मोटारीच्या पाठीवर झळकू लागली.

म्हणजे आपल्याकडे अमेरिकेप्रमाणे एकेक वस्तू निवडून मोटार बांधून घेण्याची पद्धत फारशी रुजली नाही. आपल्याकडे निवड असते ती प्रतीची. त्यामुळे जुन्या मोटारीचा मूळ तपशील शोधणे म्हणजे प्रामुख्याने दोन गोष्टी शोधणे होय: ती कोणत्या महिन्यात-वर्षात तयार झाली आणि ती कोणती प्रत आहे. या दोन गोष्टी निश्चित झाल्या की, त्या वर्षीचे कंपनीचे माहितीपत्रक मिळवून मूळ साहित्याची संपूर्ण यादी करता येते. जुनी माहितीपत्रके आणि मोटारींच्या मासिकांचे जुने अंक इथे उपयोगी पडतात. जे साहित्य माहितीपत्रकात आहे पण गाडीत नाही, ते काढले गेले. जे गाडीत आहे पण माहितीपत्रकात नाही, ते मागाहून बसवले गेले. इतके हे गणित सरळ आहे.

बखर आणि अस्सल कागद

इतिहासाच्या विद्यार्थ्यांना इथे एक ओळखीची वाट दिसेल. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की, बखरीत काय लिहिले आहे यापेक्षा त्या काळचा अस्सल कागद काय सांगतो ते पाहावे. मागाहून लिहिलेल्या हकिकतीत सोयीचे बदल शिरतात, तर घटनेच्या वेळी, व्यवहारासाठी लिहिलेला कागद सहसा खोटे बोलत नाही. जुन्या मोटारीचेही असेच आहे. विकणाऱ्याचे बोलणे ही बखर, तर मोटारीवर कोरलेले क्रमांक व विक्रीच्या दिवशी झालेले दस्तऐवज हे अस्सल कागद. बखर अगदी टाकाऊ नसते, पण तिचा प्रत्येक दावा कागदाशी ताडून पाहावा लागतो.

पहिला अस्सल पुरावा लोखंडावरच असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२२ व्या नियमानुसार चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि निर्मितीचा महिना वाहनावर उमटवलेला असावा लागतो. आजच्या मोटारींचा चासी क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच येत नाहीत, कारण ती एक व शून्य या अंकांशी घोटाळा करतात. एखाद्या कागदावरील क्रमांकात यांपैकी अक्षर दिसले तर लिहिणाऱ्याची चूक तरी आहे किंवा लबाडी तरी! पहिली तीन अक्षरे निर्माता सांगतात. एम-ए-३ म्हणजे मारुती, एम-ए-टी म्हणजे टाटा, एम-ए-१ म्हणजे महिंद्र, एम-ए-एल म्हणजे ह्युंदाई. मधली अक्षरे गाडीचा नमुना, इंजिन वगैरे सांगतात आणि शेवटचे अंक हा त्या गाडीचा स्वतःचा अनुक्रमांक असतो.

वर्षासाठी आंतरराष्ट्रीय संकेत असा आहे की, २००१ ते २००९ या वर्षांना १ ते ९ हे अंक आणि २०१० पासून ए, बी, सी अशी अक्षरे. त्यातही आय, ओ, क्यू, यू आणि झेड ही अक्षरे वगळली जातात. म्हणजे जे हे अक्षर २०१८ चे आणि पी हे २०२३ चे. अमेरिकेत हे अक्षर दहाव्या स्थानावरच असते. आपल्याकडे मात्र सर्व कंपन्यांनी सर्व काळ एकच स्थान पाळलेले नाही. म्हणून केवळ दहाव्या अक्षरावरून निकाल देऊ नये. त्या कंपनीचा त्या काळचा संकेत तिच्या सेवा केंद्रात विचारून घ्यावा.

दुसरा पुरावा म्हणजे निर्मात्याची पट्टी. बॉनेट उघडल्यावर किंवा दाराच्या खांबावर धातूची वा चिकटवलेली छोटी पट्टी आढळते. तिच्यावर चासी क्रमांकाबरोबर पुष्कळदा रंगाचा सांकेतिक क्रमांकही असतो. सुझुकीच्या गाड्यांवर २६यू असे असेल तर गाडी मूळची पांढरी होय. आज ती लाल दिसत असेल तर रंग केव्हा बदलला, का बदलला आणि नोंदणी पुस्तकात त्याची नोंद झाली का, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

तिसरा पुरावा खिडकीच्या काचेवरच असतो, मात्र कागदाच्या रूपाने नव्हे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात काच बनवणाऱ्याचे चिन्ह आणि सहसा वर्षाचा सांकेतिक अंक असतो. सर्व काचा एकाच निर्मात्याच्या व एकाच सुमाराच्या असतील तर उत्तम. एकच काच निराळी असेल तर ती बाजू कधीतरी फुटलेली आहे. आसनाच्या पट्ट्यांच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवरही निर्मितीची तारीख असते. गाडीच्या तारखेशी ती जुळते का, ते पाहावे.

कागदपत्रांची फाईल

आता कागदांकडे वळू. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण आर.सी. बुक म्हणतो, त्यात निर्माता, नमुना, निर्मितीचा महिना व वर्ष, रंग, आसनसंख्या, इंजिनाची घनक्षमता, इंधन, दोन्ही क्रमांक, कर्जाचा बोजा आणि मालकाचा अनुक्रम इतके सारे असते. निर्मितीची तारीख व नोंदणीची तारीख यांत अंतर असू शकते हे लक्षात ठेवावे. डिसेंबरात तयार झालेली गाडी मार्चमध्ये विकली गेली तर विकणारा पुढचेच वर्ष सांगतो, आणि किमतीत एका वर्षाचा फरक पडतो. एम.एच. ३२ हा क्रमांक असेल तर गाडीची नोंदणी आपल्या वर्धा जिल्ह्यात झालेली. एम.एच. ३१ नागपूर, २७ अमरावती, २९ यवतमाळ, ३४ चंद्रपूर. बाहेरच्या जिल्ह्यातील वा राज्यातील क्रमांक असणे हा दोष नव्हे, पण ती गाडी इकडे कशी आली याची कहाणी कागदांनिशी मिळायला हवी.

आर.सी. बुकापेक्षाही बोलके कागद म्हणजे नमुना क्रमांक २१ आणि २२. पहिला विक्रीचा दाखला असतो. तो विक्रेता देतो आणि त्यात गाडी कोणाला, कोणत्या तारखेस दिली हे नोंदलेले असते. दुसरा निर्मात्याचा दाखला असतो. नव्या गाडीच्या नोंदणीच्या अर्जासोबत हे दोन्ही परिवहन कार्यालयात द्यावे लागतात, म्हणून पहिल्या मालकाकडे त्यांच्या प्रती राहिलेल्या असतात. त्यांच्या जोडीला मूळ बिल मिळाले तर मग काय विचारता! बिलावर प्रतीचे पूर्ण नाव असते आणि विक्रेत्याने दुकानात बसवून दिलेल्या वस्तू वेगळ्या लिहिलेल्या असतात. 'कंपनीतून आलेले' आणि 'शोरूममध्ये बसवलेले' यांतला भेद तिथे उघडा पडतो.

बिल नसेल तर जुनी विमा पॉलिसी मागावी. विमा कंपनी गाडीचे मूल्य निर्मात्याच्या जाहीर किमतीवरून, घसारा वजा करून ठरवते. त्या किमतीत न धरलेले, मागाहून बसवलेले विजेचे साहित्य विम्यात घ्यावयाचे असेल तर त्याची नोंद वेगळी करावी लागते. म्हणून गाण्याचे यंत्र या वेगळ्या रकान्यात दिसले की, ते कारखान्यातले नव्हे असे समजावे. याशिवाय सेवा पुस्तिकेतील शिक्के, त्यांच्या तारखा आणि प्रत्येक वेळी लिहिलेले किलोमीटर ओळीने वाचावेत. किलोमीटरचा आकडा वाढतच गेला पाहिजे. तो मध्येच मागे आला तर काळाचे चाक उलटे फिरले असे समजू नये, मीटर फिरवला असे समजावे.

अलीकडे आपल्याकडेही काचेवर एक चिकटपट्टी आली आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी आली आणि तिच्याबरोबर समोरच्या काचेच्या आत लावावयाचा तिसरा क्रमांक आला. महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही पुढे ही व्यवस्था सक्तीची झाली. या चिकटपट्टीवर नोंदणी क्रमांक, नोंदणी अधिकारी, इंजिन व चासी क्रमांक आणि क्रमांकपट्ट्यांचा कोरीव क्रमांक असतो. पेट्रोल वा सीएनजीच्या गाडीला फिकट निळा आणि डिझेलच्या गाडीला नारिंगी रंग असतो. गाडीची ओळख पटवण्यासाठी ती उत्तम आहे. परंतु मोटारीत काय बसवले होते हे ती सांगत नाही. अमेरिकेतील कागदाची ती धाकटी बहीण म्हणावी, पण ती अबोल आहे.

प्रश्न जिवाचा

आता त्या दुसऱ्या कारणाकडे येऊ. समजा, आर्वीच्या एका शिक्षकाने २०१२ ची स्विफ्ट घ्यायचे ठरवले. विकणारा म्हणतो, 'झेडएक्सआय आहे.' पाठीवर अक्षरेही तीच आहेत, चाकेही चकचकीत आहेत. २००५ साली ही गाडी बाजारात आली तेव्हापासून झेडएक्सआय या प्रतीत समोरच्या दोघांसाठी हवेच्या उशा, म्हणजे एअरबॅग, येत होत्या, तर साध्या एलएक्सआयमध्ये त्या येत नव्हत्या. पाठीवरची अक्षरे बाजारात थोड्या पैशांत मिळतात. ती चिकटवली म्हणून उशी येत नाही.

आपल्या देशात प्रत्येक नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या प्रवाशासाठीची सक्ती त्यानंतर, २०२१ साली आली. म्हणजे जुन्या बाजारातील गाडी २०१९ च्या आधीची असेल तर तिच्यात उशी आहे की नाही हे पूर्णपणे प्रतीवर अवलंबून आहे. शिवाय एकदा अपघातात उघडलेली उशी खर्चिक म्हणून पुन्हा न बसवता, वरचे झाकण तेवढे नवे लावून गाडी विकण्याचे प्रकारही होतात. तेव्हा किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझतो का, हे अवश्य पाहावे. तो कधीच लागत नसेल किंवा लागलेलाच राहत असेल तर सौदा थांबवून सेवा केंद्रात तपासणी करून घ्यावी.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न आज अधिकच जवळचा झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि तो वर्धा जिल्ह्यातून जातो. त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. गावातल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाताना जी उणीव झाकली जाते, ती तेथे क्षणात उघडी पडते. तेव्हा 'झेड' या एका अक्षराची खातरजमा करणे हा हौशी माणसाचा छंद नव्हे, ते कुटुंबप्रमुखाचे कर्तव्य आहे.

त्या शिक्षकाने काय करावे? चासी क्रमांक स्वतः वाचून कागदाशी ताडावा. तो घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगने वेढलेला दिसला तर तिथूनच परतावे. ठोकलेल्या अंकाखालचा धातू दबलेला असतो, म्हणून अंक घासून काढला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनाने तो पुन्हा उमटवता येतो. चोराला वाटते खूण पुसली, पण लोखंड विसरत नाही. त्यानंतर परिवहन खात्याच्या 'वाहन' या संगणकीय नोंदीत गाडीचा क्रमांक घालून नमुना, निर्मितीचा काळ व बोजा पाहावा. गाडी चोरीची नोंदलेली नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 'वाहन समन्वय' या सोयीवर पाहता येते. मग मालकाला बरोबर घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जावे व तेथील नोंदीत ही गाडी कोणत्या प्रतीची आहे ते विचारावे. शेवटी माहितीपत्रकातली यादी हाती धरून एकेक वस्तू मोजावी. एवढ्याला एक दिवस पुरतो.

गाडीत केलेला प्रत्येक बदल वाईटच असतो असे मात्र नव्हे. परंतु निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाही, असे मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले. इंजिन बदलले, गॅसची टाकी बसवली, तर त्याची नोंद आर.सी. बुकात असलीच पाहिजे. ती नसेल तर उद्या विम्याच्या दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न तोच निघेल.

विद्यार्थी मित्रहो, आपण कलाशाखेचे. यंत्राशी आपला काय संबंध, असे आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुरावा कोणता अस्सल, कोणता मागाहून रचलेला, दोन कागदांत विसंगती असेल तर कोणाचे ऐकावे, हे वर्गात आपण रोज शिकतो. ते ज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच संपू नये. उद्या तुमच्या घरी, शेजारी, गावात कोणी जुनी मोटार घेण्याचे काढील, तेव्हा पेढे वाटण्याआधी त्यांच्याबरोबर जा, बॉनेट उघडायला सांगा आणि तो सतरा अक्षरांचा क्रमांक मोठ्याने वाचा. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याला आनंदच होईल. नसेल तर तो घाईत असल्याचे सांगेल, आणि तेवढे उत्तर पुरेसे आहे.